पुडीचा कागद

गेल्या महिन्यात एका शनिवारी आईला भेटायला सुलतान बाजारला गेले होते. मियापूरहून मेट्रो, उस्मानिया मेडिकल कॉलेजला उतरायचं आणि तिथून चालत, हा माझा ठरलेला रस्ता. बडी चावडीच्या बाजारात आईसाठी गवार घेतली आणि शेजारच्या ठेल्यावरून सवयीनं दहा रुपयांचे फुटाणे. चालता चालता फुटाणे संपले. पुडी फेकायची म्हणून उलगडली आणि रस्त्यातच थांबले. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्यानं दोनदा हॉर्न मारला तेव्हा बाजूला झाले.

कागदावर कुणाच्या तरी कर्जाच्या अर्जाची प्रत होती. नाव, वडिलांचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर, बँक खात्याचा नंबर, दुमडीच्या पलीकडे अर्धी सही. सगळं स्वच्छ वाचता येत होतं. आणि डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ.

ती रेघ माझ्या ओळखीची होती.

माझ्या बहिणीचा मुलगा कोठीच्या बसस्टॉपजवळ झेरॉक्स आणि प्रिंटआउटचं छोटं दुकान चालवतो. त्याच्या मशीनचा ड्रम खराब झालाय, प्रत्येक कॉपीवर डावीकडे काळी रेघ येते. तो ड्रम गेले सहा महिने ‘पुढच्या आठवड्यात’ बदलला जाणार आहे. मी भेटले की त्यावरून त्याला चिडवते. तशीच दुकानात गेले आणि पुडी काउंटरवर पसरली.

“हे कुठं मिळालं तुला, मावशी?”

“फुटाण्यात.”

त्यानं कागद उचलला, रेघ बघितली आणि पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाला, “रेघ जास्तच आली की कस्टमर कॉपी घेत नाही, दुसरी काढून मागतो. खराब झालेली या टेबलाखालच्या खोक्यात टाकतो. महिन्याला रद्दीवाला नेतो. मावशी, रद्दीतच तर गेलं ना. कोण वाचत बसतंय?”

या महिन्याचं सदर मी पासवर्डवर लिहिणार होते. ते आता दिवाळीनंतर कधीतरी. कारण ‘कोण वाचत बसतंय’ हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलंय, आणि ते म्हणणारी माणसं माझ्या भाच्यासारखी झेरॉक्सवाली नव्हती. ती कार्यप्रणाली लिहिणारी, मोठ्या पदव्यांची माणसं होती. बोलत होती ती कर्नेलबद्दल.

कर्नेल म्हणजे लष्करातले कर्नल साहेब नव्हेत. दाण्याच्या आत असतो तो गर, गाभा. विंडोज, अँड्रॉइड, आयफोनचं आयओएस, लिनक्स अशा प्रत्येक कार्यप्रणालीचा सगळ्यात आतला भाग म्हणजे कर्नेल. स्क्रीनवर तुम्हाला ॲप दिसतं, पण त्या ॲपला स्वतःच्या हातानं जवळजवळ काहीच करता येत नाही. फाइल उघडायचीय, कॅमेरा चालू करायचाय, नेटवरून चार अक्षरं पाठवायचीत, काहीही असो, कर्नेलकडे अर्ज करायचा. कर्नेल आत जाऊन काम करतो आणि उत्तर खिडकीतून बाहेर सरकवतो. सगळ्यांचं काम त्याच्या हातून जातं, म्हणून सगळ्यांची गुपितंही कधी ना कधी त्याच्या मेमरीत येऊन जातात: तुम्ही दाबलेली अक्षरं, वायफायचा पासवर्ड, उघडलेल्या फाइलींचे तुकडे.

सुलतान बाजारच्या मुलांना ही खिडकीची सीमा समजायला सोपी जावी. १९३३ पर्यंत आपला हा भाग रेसिडेन्सी बाजार होता. शहर निजामाचं, पण रेसिडेन्सीच्या कोठीभोवतीच्या या गल्ल्यांवर अंमल ब्रिटिश रेसिडेंटचा. एक ओळ ओलांडली की हुकूम दुसऱ्याचा. १९३३ मध्ये हा भाग निजामाकडे परत आला आणि त्याचं नाव सुलतान बाजार झालं. (आजीला विचारा, तिच्या सासूबाई शेवटपर्यंत रेसिडेन्सीच म्हणत असतील. आमच्याकडे म्हणायच्या.) प्रोसेसरमध्येही अशीच एक ओळ आखलेली असते. ओळीच्या अलीकडे तुमची ॲप्स, पलीकडे कर्नेल. पलीकडची मेमरी ॲपनं थेट वाचायची नाही, प्रोसेसरच अडवतो.

मग त्या ओळीवरून जे द्यायला नको होतं ते कर्नेलनंच चुकून बाहेर दिलं, तर त्याला माहिती-गळती म्हणतात. यात कुणी कुलूप तोडत नाही. ॲप रीतसर अर्ज करतं, कर्नेल रीतसर उत्तर देतो, फक्त उत्तराच्या कागदाच्या मागच्या बाजूला दुसऱ्याचंच काहीतरी छापलेलं असतं.

ते तिथं येतं कसं? पुडीत आलं तसंच. मेमरी ही सतत पुन्हा वापरली जाणारी वस्तू आहे. एका कामाला जागा दिली, काम संपलं, जागा परत घेतली, दुसऱ्याला दिली. परत घेताना कर्नेल तिच्यावर ‘रिकामी’ अशी नोंद करतो. आतला मजकूर पुसत नाही, कारण पुसायला वेळ लागतो आणि दुसरा कुणीतरी त्यावर लिहिणारच असतो. वर लिहिलं की खालचं जातं. बिघडतं कधी, तर दुसऱ्यानं जागा पूर्ण भरली नाही की.

आणि जागा पूर्ण न भरणं फार सोपं असतं. समजा कर्नेलला उत्तरात दोन गोष्टी द्यायच्या आहेत: एक ‘हो-नाही’, ज्याला १ बाइट पुरतो, आणि एक मोठा आकडा, ज्याला ४ बाइट लागतात. बेरीज ५. पण प्रोसेसरला आकडे चारच्या पटीतल्या जागेवरून सुरू झालेले आवडतात. त्यामुळे कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणारा, मध्ये ३ बाइट रिकामे सोडतो आणि एकूण ८ बाइट होतात. प्रोग्रॅमरला कोडमध्ये हे ३ बाइट दिसतच नाहीत. तो दोन्ही रकाने नीट भरतो, काम चोख झालं असं त्याला वाटतं आणि ८ च्या ८ बाइट खिडकीतून बाहेर सरकवतो. मधल्या तीनमध्ये आधीच्या कामाचं जे काही उरलेलं असेल ते सोबत जातं. तीन अक्षरं म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण ॲपला हाच अर्ज सेकंदात हजारो वेळा करता येतो.

असे न भरलेले रकाने शोधण्याचं मोठं काम मातेउश युर्चिक या पोलिश संशोधकानं केलं. गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या गटात असताना त्यानं अख्खं विंडोज एका नकली संगणकात चालवलं, म्हणजे बॉक्स नावाच्या एका प्रोग्रॅमनं सोंग घेतलेल्या संगणकात. तिथं कर्नेलनं नवी जागा घेतली की युर्चिकची यंत्रणा तिला जणू रंग लावायची. जागा भरली की रंग निघायचा. आणि रंग तसाच लागलेला एखादा बाइट ओळीच्या अलीकडे आला की गळती सापडली! रंगपंचमीला कुणी कुणाला हात लावला ते दुसऱ्या दिवशी कळतं, तसं. २०१७ आणि २०१८ च्या सुरुवातीच्या काळात त्याला विंडोजच्या कर्नेलमध्ये अशा ७० हून अधिक जागा सापडल्या, लिनक्समध्ये १० हून अधिक. ७० वेळा कुणीतरी विचार केला होता, की कोण वाचत बसतंय.

अशीच एक गळती मी मुद्दाम भाच्याला सांगितली, कारण ती पेन ड्राइव्हची होती. विंडोजला एनटीएफएस पद्धतीनं तयार केलेला पेन ड्राइव्ह जोडला, की विंडोज त्याच्यावर स्वतःची एक नोंदवही ठेवतं. ही नोंदवही सुरू करताना कर्नेल मेमरीचा एक तुकडा घ्यायचा, त्यात थोडंसंच लिहायचा आणि न पुसलेल्या उरलेल्या भागासकट तो पेन ड्राइव्हवर उतरवायचा. एकेका वेळी काही हजार बाइट. पेन ड्राइव्हवाल्यानं काही उघडायला नको, काही चालवायला नको. ड्राइव्ह फक्त जोडला गेला की घरी नेऊन ती नोंदवही वाचायची. विंडोज ७ सुद्धा यात होतं. मायक्रोसॉफ्टनं नोव्हेंबर २०१७ मध्ये दुरुस्ती पाठवली.

भाच्यानं आपल्या काउंटरकडे बघितलं. दिवसाला किती पेन ड्राइव्ह त्या संगणकाला लागतात ते त्यानं कधी मोजलं नसेल. परीक्षेच्या फॉर्मांच्या दिवसांत तर रांग असते.

“तुझ्याकडे विंडोज कुठलं?”

“सात.” मग जरा अपराधी आवाजात, “अपडेट बंद करून ठेवलंय. मध्येच सुरू होतं, प्रिंटर सापडत नाही म्हणतं. कस्टमर थांबतात का?”

त्याची बाजूही सांगायला हवी. त्याचा मोठा प्रिंटर जुना आहे आणि त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर नीट चालत नाही असं त्याला दोघा मेकॅनिकांनी सांगितलंय. नवा घ्यायचा तर चार महिन्यांची कमाई. आम्ही नोकरदार माणसं ‘अपडेट करा’ असं झटकन म्हणतो. आमच्या ऑफिसात ते करायला वेगळा विभाग असतो आणि बिल कंपनी भरते.

शिवाय एक खरं सांगायला हवं, नाहीतर मी तुम्हाला उगाच घाबरवतेय असं होईल. बहुतेक पेन ड्राइव्ह विकत घेताना एफएटी३२ किंवा तशाच दुसऱ्या पद्धतीनं तयार केलेले असतात. त्यांच्यावर ती नोंदवही नसते, म्हणून ही विशिष्ट गळतीही नसते. तरीही अशा गळत्यांमधली ही एकच.

“पण मावशी,” भाचा म्हणाला, “मेमरीतली चार उरलेली अक्षरं घेऊन कुणी करणार काय? त्यात पासवर्ड सापडेलच असं थोडंच आहे?”

हा प्रश्न चांगला होता, आणि बरीच वर्षं त्याचं उत्तर ‘फारसं काही नाही’ असंच दिलं जायचं. गळतीला ‘मध्यम’ असा शेरा मिळायचा आणि दुरुस्ती पुढच्या खेपेला ढकलली जायची. या उत्तराचं काय झालं ते बघायचं असेल तर २०१६ च्या ऑगस्टमध्ये जावं लागतं.

अहमद मन्सूर हे संयुक्त अरब अमिरातीतले मानवी हक्कांचे कार्यकर्ते. १० आणि ११ ऑगस्टला त्यांच्या आयफोनवर मेसेज आले: तुरुंगातल्या छळाबद्दल नवी माहिती आहे, ही लिंक बघा. मन्सूर यांच्यावर आधीही असे प्रयत्न झाले होते. त्यांनी लिंक दाबली नाही, मेसेज टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबकडे पाठवून दिले. लॅबच्या लोकांनी लुकआउट या कंपनीच्या मदतीनं ती लिंक आपल्या एका फोनवर उघडून बघितली. समोर आलं ते इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगासस. एक लिंक दाबली की फोन पूर्ण ताब्यात: माइक, कॅमेरा, मेसेज, सगळं.

हे साधायला तीन भोकं एकापाठोपाठ वापरली होती. पहिलं सफारी ब्राउझरमध्ये. त्यातून हल्लेखोराचा प्रोग्रॅम फोनमध्ये शिरायचा, पण ओळीच्या अलीकडेच राहायचा. तिसरं कर्नेलमध्ये. त्यातून कर्नेलची मेमरी बिघडवून ताबा घेता यायचा. मात्र या दोघांमध्ये एक अडचण होती. आजचा कर्नेल फोन सुरू होताना दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी जाऊन बसतो. म्हणजे रोज रात्री घर बदलणारा सावकार समजा. चोराकडे तिजोरी फोडायची पहार आहे, पण सावकार आज कुठल्या गल्लीत झोपलाय ते माहीत नाही. चुकीच्या घरावर पहार मारली तर फोन बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि सावकार पुन्हा दुसरीकडे.

मधलं दुसरं भोक होतं माहिती-गळतीचं. कर्नेलमध्ये एखादा आकडा ठेवायला देता येतो आणि नंतर परत मागता येतो. आकड्याला जास्तीत जास्त ८ बाइट लागतात. हल्लेखोराचा प्रोग्रॅम आकडा ठेवताना त्याची लांबी कितीतरी मोठी सांगायचा. कर्नेल ती तपासायचा नाही. पुढे आकडा परत मागितला, की आकड्याचे ८ बाइट आणि शेजारचेही बाइट, सांगितलेली लांबी पुरी होईपर्यंत. त्या शेजारच्या बाइटांत कुणाचा पासवर्ड नव्हता, फोटो नव्हता. कर्नेलच्या स्वतःच्या कामाचा एक पत्ता होता, काम आटोपून परत कुठं जायचं त्याचा. त्या एका पत्त्यावरून सावकाराची गल्ली कळली.

ॲपलनं २५ ऑगस्ट २०१६ ला आयओएस ९.३.५ काढून तिन्ही भोकं बुजवली. मन्सूर यांनी मेसेज पुढे पाठवल्यापासून दोन-अडीच आठवड्यांत. त्या दुरुस्तीच्या टिपणात गळतीबद्दल एवढंच होतं, की एखाद्या ॲपला कर्नेलची मेमरी उघड करता येऊ शकेल. वाचताना किती किरकोळ वाटतं! ती गळती नसती तर उरलेल्या दोन भोकांचा एवढा भरवसा कुणालाच देता आला नसता.

भाचा म्हणाला, “म्हणजे पुडीवर पैसे नाहीत, पण पैसे कुठंयत ते आहे.” मी त्याला सांगितलं की हे वाक्य मी सदरात वापरणार.

आता उपाय. तो आपल्या आजीला विचारला असता तर तिनं एका मिनिटात सांगितला असता: पाटी देताना पुसून दे. तीस-चाळीस वर्षं हे सुचलं नव्हतं असं नाही, वेळ जातो म्हणून करत नव्हते. प्रत्येक प्रोग्रॅमरनं आपापला रकाना आठवणीनं पुसावा, अशी अपेक्षा होती. ७० वेळा राहिलं तेव्हा कळलं, की आठवणीवर सोडलेलं काम राहणारच. मग शहाणपण आलं. लिनक्सच्या ५.३ आवृत्तीत, २०१९ मध्ये, अशी सोय आली की कर्नेलनं कुणालाही जागा देताना ती आधी शून्यांनी भरून द्यायची, घेणाऱ्यानं पुसो वा न पुसो. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० मध्ये बऱ्याचशा कोडसाठी कंपायलरलाच हे काम लावलं. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून गूगलनं कर्नेलची अशी मेमरी आपोआप कोरी करून द्यायला सुरुवात केली. आजचे प्रोसेसर इतके वेगवान आहेत की पुसायला लागणारा वेळ तुमच्या-माझ्या लक्षातही येत नाही. मला विचाराल तर हा खर्च दहा वर्षं आधीच करायला हवा होता. पण मी तेव्हा त्याच धंद्यात होते, आणि आमच्या बैठकांत वेगाचे आकडे मागायचे, स्वच्छतेचे कुणी मागत नव्हतं. मीही मागितले नाहीत.

सगळ्याच गळत्या न पुसलेल्या पाटीच्या नसतात. २०१८ च्या जानेवारीत गाजलेलं मेल्टडाउन आठवत असेल तर तिथं चूक कर्नेलची नव्हतीच. प्रोसेसर घाई करायचा. आधी ओळीपलीकडचं वाचून ठेवायचा आणि परवानगी मागाहून बघायचा. वाचलेलं फेकून द्यायचा खरा, पण त्याचा माग कॅशमध्ये राहायचा. ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रविद्यापीठाच्या डॅनियल ग्रुसनं हे आपल्या घरच्या संगणकावर करून बघितलं तेव्हा त्याला आपल्याच ब्राउझरमधले साइटचे पत्ते कर्नेलच्या मेमरीतून बाहेर पडताना दिसले. तो आणि त्याचे सहकारी कितीतरी वेळ ते खरं मानायलाच तयार नव्हते. पण तो वेगळ्या सदराचा विषय आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड आहे. सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी पॅच’ किंवा ‘सिक्युरिटी अपडेट’ असं काहीतरी असतं, त्याखाली एक तारीख असते. ती बघा, आणि घरातल्या मोठ्यांच्या फोनवरची आधी बघा, कारण आपला जुना फोन आपण त्यांनाच दिलेला असतो. माझ्या आईच्या फोनवर २०२१ मधली तारीख निघाली. तो फोन मीच ‘अजून छान चालतोय की’ म्हणून तिला दिला होता, आणि त्यावरूनच ती पेन्शनचे मेसेज बघते. गूगल ऑगस्ट २०१५ पासून दर महिन्याला दुरुस्त्यांची यादी काढतं. त्यात बऱ्याच भोकांपुढे प्रकार लिहिलेला असतो. ‘आयडी’ अशी दोन अक्षरं दिसली तर ते ओळखपत्र नव्हे, ती माहिती-गळती. संगणकाचं म्हणाल, तर विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला. आधार संपल्यावर संगणक तसाच चालत राहतो, हीच त्यातली फसवी गोष्ट.

दुकानाचं काय केलं ते सांगते. संगणकासमोर बसले तेव्हा कर्नेल, पेन ड्राइव्ह सगळं विसरायला झालं. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये गिऱ्हाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या चार वर्षांच्या फाइली होत्या. आधार कार्डं, गुणपत्रिका, जागेचे करारनामे, एका मुलीची अख्खी प्रवेशाची कागदपत्रं. त्याच संगणकावर, काउंटरच्या या बाजूला येऊन, गिऱ्हाईक स्वतः आपली फाइल शोधतं. इथं कर्नेलची वाट कोण बघणार? धोक्याची क्रमवारी लावायची तर भाच्याच्या दुकानात पहिलं टेबलाखालचं खोकं, दुसरं हे फोल्डर, आणि कर्नेल तिसरा. मी या धंद्यातली असून मला पहिलं सुचलं नव्हतं, ते फुटाण्यांनी दाखवलं.

फोल्डर रिकामं केलं. संध्याकाळी दुकान बंद करताना ते रोज रिकामं करायचं ठरलं. बिलिंगसाठी आतल्या बाजूला ठेवलेला जरा नवा संगणक होता, तो पुढे आणला. त्यावर विंडोज ११ चालतं. जुना प्रिंटर जुन्या संगणकाला तसाच ठेवला, पण त्या संगणकाचं इंटरनेट काढलं आणि पेन ड्राइव्हही लावायचा नाही असं ठरलं. प्रिंटची फाइल नव्या संगणकावरून दोघांमधल्या एका केबलनं जाते. अगदी आदर्श नाही, पण चार महिन्यांची कमाई वाचली. ड्रमही बदलला, अखेर.

राहिली पुडी. त्यावर फोन नंबर होता. मी म्हटलं, “मी करते फोन.”

“नक्को मावशी. माझ्या दुकानातनं गेलाय, मीच करतो.”

त्यानं फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे वयस्कर आवाज होता. भाच्यानं अडखळत सगळं सांगितलं: कोठीचं दुकान, खराब कॉपी, रद्दी, फुटाणे. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते गृहस्थ म्हणाले, “वो लोन तो मिलाच नै, बेटा.” आणि हसले. भाचाही हसला, सुटल्यासारखा. मग त्यांनी विचारलं, “कितने कागजां थे मेरे?”

याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. अर्ज किती पानांचा होता, किती पानं खराब आली, किती रद्दीत गेली, कशाचीच नोंद नाही. त्यानं तसं सांगितलं, खात्यावर लक्ष ठेवा म्हणाला, बँकेत काही लागलं तर मी सोबत येतो म्हणाला.

फोन ठेवून आम्ही दोघं बडी चावडीला गेलो. ठेलेवाल्याकडे कागदांचा गठ्ठा वजनाच्या दगडाखाली दाबून ठेवलेला होता, काळी रेघ लांबूनच दिसत होती. भाच्यानं सगळा गठ्ठा मागितला. ठेलेवाल्याला वाटलं आम्ही महापालिकेचे. समजावून सांगितल्यावर त्यानं गठ्ठा तराजूत टाकला आणि रद्दीच्या भावाच्या दुप्पट पैसे लावले, कारण आता त्याला पुड्यांसाठी दुसरे कागद आणावे लागणार होते. भाच्यानं ते दिले.

तितक्यात एक शाळकरी मुलगा आला, त्यानं पाच रुपये पुढे केले. ठेलेवाल्याच्या हातात आधीच एक पुडी वळून तयार होती. तो ती भरायला लागला, तेवढ्यात भाच्यानं त्याच्या हातातून काढून घेतली आणि आपल्या खिशातला कोरा कागद पुढे केला.